प्रस्तावना : चुकीनंतरचा चेंडू

जळगावच्या सागर पार्कवर किंवा धुळ्यातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणावर सकाळी अर्धा तास उभं राहा. शिट्टीच्या खालोखाल एकच वाक्य कानावर पडत राहील, "लक्ष कुठंय तुझं?" झेल सुटला, खो द्यायला उशीर झाला, चढाईत पाय निदान रेषेच्या अलीकडेच राहिला, की हे वाक्य आलंच. सर जरा रंगात असले तर अहिराणीत, "तुनं ध्यान कोठे शे रे?" मुलगा मान खाली घालतो, "हो सर" म्हणतो आणि पुढचाही झेल सोडतो. जोर कसे मारायचे, बॅट कशी धरायची, पकड कुठं घालायची हे त्याला हाताला धरून शिकवलेलं असतं. लक्ष मात्र फक्त मागितलं जातं. ते द्यायचं कसं, हे शिकवणारा तास आपल्या वेळापत्रकात नाही.

पुढच्या पानांत त्या तासाची मांडणी आहे. ती शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी, तालमीतल्या वस्तादांसाठी, तालुक्याच्या संघाला एसटीनं जिल्ह्याला नेणाऱ्या सरांसाठी आहे. विषय ध्यानाचा आहे असं म्हटलं, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. काही जण आदरानं हात जोडतात आणि पुस्तक देवघराशेजारी ठेवून देतात. बाकीचे हसतात, "साहेब, पोरांना पळू द्या, बसवता काय," म्हणतात. एखाद्या आईला तर धास्ती वाटते, की पोरगा क्रिकेट शिकायला गेला आणि बुवा होऊन परत आला तर काय करायचं. हात जोडणाऱ्यांपेक्षा हसणाऱ्यांशी बोलणं मला सोपं वाटतं, कारण ते निदान प्रश्न विचारतात.

त्यांच्यासाठी पहिली साक्ष अमळनेरची. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं. त्यांची सुरुवात आसनावर बसण्यातून झाली नव्हती. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी 1907 ते 1910 या काळात भारतीय व्यायामपद्धतीचं शिक्षण घेतलं. योग त्यानंतर, मालसरच्या माधवदासजींकडून आला. म्हणजे हा माणूस आधी व्यायामपटू आणि मग योगी. नौली आणि उड्डियान करताना पोटात नेमकं काय घडतं हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांची मदत घेतली. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. त्यात दाब, श्वास, नाडी यांची मोजमापं छापून येत. 1937 साली मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. योग आणि खेळाचं मैदान यांच्यामध्ये आज जी भिंत दिसते, ती या गृहस्थांना दिसली नसावी.

कुवलयानंदांचं नाव अभिमानानं मिरवण्यासाठी मी घेत नाही. "आमच्या अमळनेरचे" म्हणून फोटो लावला, हार घातला, की काम संपल्यासारखं होतं. त्यांच्याकडून घ्यायची आहे ती सवय: दावा केला की मोजून बघायचं. ध्यानामुळे एकाग्रता वाढते असं म्हणायचं असेल, तर कुणाची, कशात आणि किती, हे शिक्षकाच्या वहीत दिसलं पाहिजे.

मोजायचं काय, हा खरा प्रश्न आहे. एकाग्रता डोळ्यांना दिसत नाही. मैदानावर मात्र तिची एक खूण सापडते, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया मी तिच्यावर ठेवेन. ती म्हणजे चुकीनंतरची चूक. पहिला झेल कुणाच्याही हातून सुटतो. ऊन डोळ्यांत जातं, चेंडू हवेत वळतो, नशीब असतं. त्यानंतर पाचच मिनिटांनी त्याच खेळाडूच्या पायांमधून साधा चेंडू निघून जातो, तेव्हा त्याचं कारण उन्हात नसतं. तो अजून पहिल्या झेलापाशीच उभा असतो. कॅरममध्ये राणी हुकली की पुढची सोपी सोंगटीही हुकते. कुस्तीत एक गुण गेला की पैलवान तो तातडीनं परत मिळवण्याच्या नादात पाय पुढं टाकतो आणि आयता पकडीत सापडतो. बुद्धिबळात तर हे कागदावर राहतं. चालींची नोंद काढा, मोठी घोडचूक बहुतेकदा आधीच्या लहान चुकीच्या पाठोपाठ आलेली दिसेल.

हे एवढ्यासाठी सांगतो, की एकाग्रतेबद्दल आपली कल्पनाच चुकीची आहे. एकाग्र खेळाडूचं मन हलत नाही, असं आपण समजतो. मन सगळ्यांचंच हलतं. चांगल्या खेळाडूचं मन भरकटल्याचं त्याला लवकर कळतं आणि ते लवकर परत येतं. भरकटण्यापासून परतण्यापर्यंतचं हे अंतर ध्यानाच्या सरावानं कमी होतं. ध्यानाकडून खेळासाठी मी यापेक्षा जास्त काही मागत नाही.

जळगावात बसून मनावर लिहायचं आणि आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव घ्यायचं नाही, हे इथला वाचक चालवून घेणार नाही. 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली, त्यांतली मनावरची कविता शाळेत सगळ्यांनी म्हटली आहे. पिकात शिरणाऱ्या ढोराची त्यांची ती उपमा शेतात राबणाऱ्या बाईची आहे, म्हणून ती अचूक आहे. ढोर पिकात शिरलं म्हणून कोणी गुराखी कपाळाला हात लावून बांधावर बसत नाही. ते शिरणारच, हे त्याला ठाऊक असतं. तो उठतो, हाकलतो, पुन्हा बसतो. ध्यानाला बसलेल्या मुलाला नेमकं एवढंच करायचं असतं, आणि बहुतेक मुलं तिसऱ्या दिवशी "सर, माझं मनच लागत नाही" म्हणून सोडून देतात, कारण हाकलणं हाच सराव आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सराव अगदी साधा आहे. पाठ ताठ, अंग सैल, डोळे मिटलेले. नाकपुड्यांपाशी श्वास आत येतो आणि बाहेर जातो, तिथं लक्ष ठेवायचं. श्वास लांबवायचा नाही, अडवायचा नाही, जसा आहे तसा पाहायचा. थोड्याच वेळात मन निवड चाचणीत, घरच्या भांडणात किंवा डब्यातल्या शेवभाजीत जाईल. गेल्याचं कळलं की रागावल्याशिवाय परत श्वासावर यायचं. दहा मिनिटांत पन्नास वेळा मन गेलं आणि पन्नास वेळा परत आणलं, तर त्या दिवशीचा सराव बिघडला असं नाही. सराव झाला तो तोच. आपल्या शाळांना हे नवंही नाही. राज्याच्या शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' या नावानं आनापान सुरू झालं, त्यात हेच आहे: दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. तो उपक्रम परिपाठाच्या रांगेत राहिला, मैदानावर आला नाही. पटावरची मुलं तीच, पण परिपाठाचे सर वेगळे आणि खेळाचे सर वेगळे, असा आपला कारभार.

या साध्या सूचनेतला विचार फार जुना आहे, आणि त्यावरचं मराठीतलं एक सुंदर विवेचन धुळ्याच्या तुरुंगात झालं. 1932 साली विनोबा भावे तिथं शिक्षा भोगत होते. 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेले साने गुरुजी समोर बसून ते उतरवून घेत. तीच पुढे 'गीता प्रवचने' झाली. सहाव्या, म्हणजे ध्यानयोगाच्या अध्यायाची पाळी 27 मार्चला आली. विनोबांनी तिथं चित्ताच्या एकाग्रतेबरोबर आणखी दोन गोष्टी ठेवल्या: जीवनाची परिमितता आणि मंगल दृष्टी. क्रीडाशिक्षकानं हे प्रकरण एकदा तरी वाचावं. श्रद्धेनं वाचलं तर उत्तम, नाहीतर प्रशिक्षणाचं टिपण म्हणून वाचावं.

त्यातली परिमितता मला खेळाडूसाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिवसभर सगळं अमर्याद चालू ठेवायचं आणि सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून एकाग्रता मागायची, हा व्यवहार जमत नाही. खाणं, झोपणं, बोलणं, बघणं या सगळ्यांना माप हवं. विनोबांच्या काळात मोबाईल नव्हता. आज रात्री एक वाजेपर्यंत रील बघणारा सोळा वर्षांचा चढाईपटू सकाळी साडेपाचला मैदानात येतो, तेव्हा त्याला ध्यान शिकवणं म्हणजे उपाशी पोराला पाचक चूर्ण देणं. आधी झोप. वाढीच्या वयातल्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि ती कमी पडली की सगळ्यात आधी लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग घसरतो. ज्या शिक्षकाला एकच गोष्ट करायला वेळ आहे, त्यानं ध्यान बाजूला ठेवावं आणि पालकांची बैठक बोलावून रात्री दहानंतर मोबाईल बंद एवढं करून घ्यावं. ध्यानावरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहिणं विचित्र दिसेल, दिसू दे.

परिमिततेतच आपलं ऊन येतं. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. घामावाटे गेलेलं पाणी भरून आलं नाही, तर तहान जाणवण्याआधीच लक्ष विस्कळीत होऊ लागतं. दुपारच्या सामन्यात अखेरच्या दहा मिनिटांत होणाऱ्या चुकांना आपण "मानसिक कमजोरी" असं नाव देतो. त्यांतल्या कितीतरी चुका दोन ग्लास पाण्याच्या असतात. मीठ-साखरेचं पाणी, डोक्यावर ओला रुमाल आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत सराव संपवणं, हेही एकाग्रतेचंच प्रशिक्षण आहे.

आता खेळांकडे वळतो. प्रत्येक खेळाला एकाच प्रकारचं लक्ष लागत नाही. अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञ रॉबर्ट नायडेफर यांनी 1976 साली लक्षाची मांडणी दोन अंगांनी केली: ते रुंद की अरुंद, आणि आत वळलेलं की बाहेर. नेमबाजाचं लक्ष अरुंद असतं. कबड्डीत कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूला मात्र चढाईपटूचा पाय, साखळीतल्या जोडीदाराचा हात आणि मागची रेषा हे सगळं एकदम धरावं लागतं. चांगला खेळाडू हे लक्ष गरजेप्रमाणे मोठं-लहान करतो. कसोटीतला फलंदाज दोन चेंडूंमध्ये स्क्वेअर लेगकडे चार पावलं टाकतो, हातमोजे ठीक करतो, तेव्हा त्याचं लक्ष मोकळं असतं. गोलंदाज धावू लागला की ते आवळतं. दिवसभर आवळूनच ठेवलं तर चहापानापर्यंत तो दमून जाईल.

कबड्डीबद्दल मला नेहमी गंमत वाटते. एका दमात, एकच शब्द सतत म्हणत, प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन जिवंत परत यायचं. श्वास आणि जप दोन्ही खेळाच्या नियमातच बसवलेले. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे, पण "कबड्डी कबड्डी" थांबलं की दम गेला, हा नियम कायम आहे. म्हणून चढाईपटूला श्वासावर लक्ष ठेवायला शिकवणं सगळ्यात सोपं जातं. तो ते आधीच करत असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. 'करो या मरो'च्या तिसऱ्या चढाईला मध्यरेषेवर पाय ठेवण्यापूर्वी एक लांब उच्छ्वास सोडायचा, एवढी सवय लावून बघा. इथं मात्र श्वास मुद्दाम लांबवायचा आहे. बसून केलेल्या सरावात श्वास जसा आहे तसा पाहतो, आणि सामन्याच्या क्षणी उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती किंचित मंदावते, आत घेताना वाढते, म्हणून हा फरक. पुस्तकातल्या दोन प्रकरणांत ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. शिक्षकांनीही त्यांची सरमिसळ करू नये.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनांत बसलेले असतात. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, पण एकाग्रतेची खरी परीक्षा त्यांचीच. अंग ताणलेलं, नजर धावणाऱ्यावर, कान पाठीमागच्या "खो"कडे. आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. घाईनं उठला की नियमभंग, उशिरा उठला की गडी निसटला. हे बसून केलेलं ध्यानच आहे, फक्त सुटण्याच्या तयारीतलं.

नेमबाजीत तर हा विषय पुढं येऊन उभाच राहतो. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हृदयाच्या ठोक्यानं नळी हलते, श्वासानं हलते. म्हणून उच्छ्वासानंतरच्या नैसर्गिक विरामात चाप दाबायला शिकवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा आणि नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा या प्रकारात भारताचं एकही ऑलिंपिक पदक नव्हतं. गुडघ्यावर, पालथं आणि शेवटी उभं राहून मारायचं असतं, आणि उभ्या स्थितीत सगळ्यांचेच गुण घसरतात. तिथं तो वर सरकला आणि 451.4 गुणांवर कांस्यपदक घेऊन बाहेर आला. पोटात गोळा आला होता, सकाळी नुसता काळा चहा घेतला होता, श्वासावर लक्ष ठेवलं आणि गुणफलकाकडे पाहिलं नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. त्यात भीती नव्हती असं काही नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. भीती होती, लक्ष दुसरीकडे होतं.

तिरंदाजीचं बोलताना आपल्याकडे एक वाक्य हटकून येतं: सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल मुलांच्या रक्तातच नेम असतो. मला ते आवडत नाही. चोपडा-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात तीरकामठा घरात असतो हे खरं, पण रक्ताचं कौतुक करून आपण त्या मुलांना मैदान, धनुष्य आणि शिक्षक देण्याची जबाबदारी टाळतो. 2023 साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी हे दोघं कंपाउंड तिरंदाजीचे जगज्जेते झाले. ओजसनं अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण मिळवले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत तासन्‌तास बाण सोडत होते. तसे तास आपल्या डोंगरातल्या मुलांना मिळाले, की मग ध्यानाचं बोलू.

कुस्तीत खानदेशाला सांगण्यासारखी गोष्ट आहे ती चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीची: 2014, 2015 आणि 2016, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. पहिली गदा ताकदीनं मिळते असं मानलं, तरी तिसऱ्या वर्षी आखाड्यात उतरताना अख्खा महाराष्ट्र तुम्हालाच चीत करायला तयारी करून आलेला असतो, आणि तुमच्या डोक्यात मागच्या दोन गदांचं ओझं असतं. ते ओझं बाहेर ठेवून समोरच्याच्या कमरेकडे आणि पायांकडे बघत खडाखडी करणं हे दंडाचं काम नाही. जुन्या तालमींनी यासाठी काय केलं ते बघा. आखाड्यात मारुतीची तसबीर, उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावणं, मेहनतीच्या वेळी गप्पा बंद. ज्या रामदासांनी मारुतीची देवळं उभी केली त्यांनीच मनाला उद्देशून 205 श्लोक लिहिले. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं जपून ठेवली आहेत. बळ आणि मन यांची फारकत आपल्या परंपरेनं केली नव्हती. ती आपण जिमच्या आरशासमोर, कानात गाणी घालून केली.

कॅरम आणि बुद्धिबळ हे जळगावचे लाडके बैठे खेळ. जैन इरिगेशनच्या पाठबळामुळे त्यांच्या मोठ्या स्पर्धा इथं भरतात, खेळाडूंना आधार मिळतो. इथं एक सावधगिरी सांगतो, कारण ध्यानाचे उत्साही प्रचारक नेमकी तीच विसरतात. हात बसलेल्या खेळाडूनं ऐन कृतीच्या क्षणी स्वतःच्या अवयवाकडे लक्ष दिलं, की कौशल्य बिघडतं. गॅब्रिएल वुल्फ यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत: लक्ष हालचालीच्या परिणामावर असेल तर कामगिरी सुधारते, हालचाल करणाऱ्या अंगावर असेल तर ढासळते. म्हणून स्ट्रायकर सोडताना बोटाकडे नाही, सोंगटीकडे. देहाचं निरीक्षण सतरंजीवर बसल्यावर करायचं. बोर्डासमोर बसल्यावर ते विसरायचं.

बाहेरच्या जगाकडे एक नजर टाकू. जॉन कॅबट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम रुग्णांसाठी सुरू केला आणि 1980च्या दशकात तो ऑलिंपिकच्या नौकानयनपटूंपर्यंत नेला. बास्केटबॉलमध्ये फिल जॅक्सन यांनी शिकागो बुल्सच्या खेळाडूंना ध्यान शिकवायला 1993 साली जॉर्ज ममफर्ड यांना आणलं. मायकल जॉर्डन परतल्यावर तोही त्या वर्गात बसला. नोव्हाक जोकोविच ध्यान करतो हे त्यानं स्वतःच पुस्तकात लिहिलं आहे. ही नावं मुलांना आवडतात, सांगावीत. पण पुरावा म्हणून ती कच्ची आहेत. जॉर्डन ध्यानाला बसण्याआधीही जॉर्डनच होता.

मोजलेला पुरावा थोडा आणि सावध आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आधीच्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा स्पष्ट फायदा दिसला तो नेमबाजी आणि डार्ट फेकण्यासारख्या अचूकतेच्या खेळांत. त्याच वर्षी मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकी फुटबॉलच्या 100 महाविद्यालयीन खेळाडूंवर, हंगामापूर्वीच्या कठोर प्रशिक्षणाच्या काळात, चार आठवड्यांचा प्रयोग केला. अशा दमवणाऱ्या काळात लक्ष घसरतंच. सजगतेचा सराव ज्यांनी नेमानं केला त्यांचं कमी घसरलं. ज्यांनी नावापुरता केला त्यांना उपयोग झाला नाही. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट ही आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी "चला, पाच मिनिटं डोळे मिटा" म्हणणं हे स्पर्धेच्या आदल्या दिवशी जोर मारायला सांगण्याइतकंच निरुपयोगी.

धुळ्यापासून जवळच, देदरगाव जलशुद्धीकरण केंद्राशेजारी तिखी इथं 'धम्म सरोवर' हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरीला उभारलेल्या धम्मगिरीच्या परंपरेतलं. दहा दिवसांचं मौन, मोबाईल जमा, पहाटे चारला उठणं, सुरुवातीला श्वास आणि मग शरीरावरच्या संवेदना. शुल्क नाही, केंद्र साधकांच्या दानावर चालतं. मोठ्या वयाचे काही खेळाडू आणि शिक्षक तिथं जातात, त्यांचा मला आदर आहे. पण खेळासाठी म्हणून मुलाला तिथं पाठवणं मला योग्य वाटत नाही, आणि हंगामात तर नाहीच. त्या शिबिराचा हेतू पदक मिळवणं हा नाही, असं तिथले आचार्यही सांगतील. दहा दिवस बसून राहिलेलं शरीर लगेच सामन्याला तयारही नसतं. शाळेच्या पटांगणावरची रोजची दहा मिनिटं हा वेगळा, छोटा आणि आपल्या आवाक्यातला उद्योग आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. एखादा मुलगा आठवड्यामागून आठवडे झोपत नाही, जेवत नाही, एकटा राहतो, डोळे मिटले की घाबरतो, तर त्याला ध्यान देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. घरी काय चाललं आहे ते विचारा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या पोराचं लक्ष सामन्यात नसतं, त्याला कारण असतं. खेळातली बेफिकिरी आणि घरातली फिकीर यांतला फरक ओळखणं हे शिक्षकाचं काम आहे, तंत्र त्यानंतर.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. योगबळावर चौदाशे वर्षं जगले अशी कथा असलेल्या या योग्याला शेवटी लहानग्या मुक्ताबाईला गुरू करावं लागलं. ध्यानातून सिद्धी विकणारा कुणी तुमच्या मैदानात आला, तर त्याला मुक्ताईनगरची वाट दाखवा. स्मरणशक्ती दुप्पट, एकवीस दिवसांत जिल्हा विजेता, असे फलक हल्ली शिकवण्यांच्या शेजारी लागतात. त्यांच्यात आणि या पुस्तकात काही नातं नाही.

शिक्षकांना विनंती एवढीच, की हे जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आठवड्यात सुरू करू नका. जूनमध्ये शाळा उघडली की सुरू करा. सरावाच्या आधी दहा मिनिटं, सावलीत, चप्पल-बूट काढून, सगळे एकत्र, आणि तुम्हीही त्यांच्यासोबत डोळे मिटून. शिक्षक बाजूला उभा राहून फोनवर बोलत असेल तर मुलं आठ दिवसांत ओळखतात. एक साधी शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक सामन्यात प्रत्येक खेळाडूची पहिली चूक कधी झाली आणि पुढची किती वेळात झाली, एवढंच तिच्यात लिहा. ते काम जखमी किंवा राखीव खेळाडूला द्या. त्याचंही लक्ष खेळात राहील. दिवाळीच्या सुट्टीत वही काढून बसा. दोन चुकांमधलं अंतर वाढलेलं दिसलं तर पुढं चालू ठेवा. दिसलं नाही, तर झोप, पाणी आणि सरावाचे तास तपासा, आणि तरीही फरक नसेल तर हे पुस्तक बाजूला ठेवून आणखी दहा मिनिटं मुलांना पळवा.